थांबायचं कधी, हे कळणारा चार्जर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत विजेची तार पोचायच्या आधी बॅटरी पोचली. ती मालट्रकबरोबर आली, जीपबरोबर आली, चावडीवरच्या रेडिओबरोबर आली. बॅटरी आली म्हणजे ती कधीतरी उतरणार, आणि उतरली की कोणीतरी ती भरून द्यायला हवी. या गरजेतून पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथे आणि पुढे जुन्नर, ओतूर, घोडेगावलाही एक धंदा उभा राहिला. पाटीवर ‘बॅटरी चार्जिंग’ एवढंच लिहिलेलं असायचं. मी या धंद्यात वाढलो. मंचरला मामांच्या दुकानात शिकलो आणि नंतर नारायणगावात स्वतःचं दुकान घातलं. आज येणारं गिऱ्हाईक विचारतं, “शेठ, आमच्या गाडीला सीलबंद बॅटरी आहे, कुठला चार्जर घेऊ?” उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण ते मनापासून पटायचं असेल तर या धंद्याचा मागचा काळ माहीत हवा. पूर्वी चार्जिंगवाल्याच्या डोळ्यांत, नाकात आणि हातात जी अक्कल होती, ती आज चार्जरच्या डब्यात आहे की नाही, एवढंच चार्जर निवडताना पाहायचं असतं.

शिसं आणि गंधकाचं आम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. १८८१ मध्ये कामी फोर यांनी शिशाच्या जाळीत शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापायची रीत काढली आणि ही बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. मोटारीशी तिचं नातं घट्ट झालं ते १९१२ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. तोवर इंजिन सुरू करायला हँडल मारावं लागे. आपल्याकडे मात्र हँडल पुढेही बरीच वर्षं चाललं. मामांच्या उमेदीच्या काळात प्रत्येक मालट्रकच्या केबिनमध्ये ते असायचं, कारण बॅटरीचा भरवसा नव्हता आणि रस्त्यात ती बसली तर दुसरा इलाज नव्हता.

देशात मोटारीच्या बॅटऱ्यांचा मोठा कारखाना १९४६ मध्ये बंगालमध्ये शामनगरला उभा राहिला. ती कंपनी आज एक्साइड या नावाने ओळखली जाते. मुंबईत वाकोल्याला स्टँडर्ड बॅटरीजचा कारखाना होता. १९६९ मध्ये एक्साइडवाल्यांचा दुसरा कारखाना चिंचवडला सुरू झाला आणि आमच्या रस्त्याला त्याचा थेट फायदा झाला. तोवर मुंबईहून किंवा पुण्याच्या पेठांतून येणारा माल आता नाशिक फाट्यावरून सरळ वर यायला लागला.

गाड्यांच्या बरोबरीने रेडिओचंही काम असायचं. पुणे आकाशवाणी १९५३ मध्ये सुरू झाली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने याच केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ-मंडळांचा एक मोठा प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यात होती आणि पुणे जिल्हा त्यांपैकी एक होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये, आणि वाड्यावस्त्यांवर वीज पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. तोवर चावडीवरचा रेडिओ ऐकायचा तर बॅटरीच हवी. मामा सांगायचे की रेडिओची बॅटरी सांभाळणाऱ्या माणसाला गावात मान असे, कारण ती उतरली तर सगळ्या गावाच्या बातम्या बंद.

आता मामांच्या चार्जिंगच्या खोलीबद्दल. दुकानामागे पत्र्याची एक खोली होती, तिला दोन समोरासमोर खिडक्या आणि त्यांना झडपा नाहीत. बॅटरी भरत आली की तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि कोंडला तर ठिणगीने स्फोट होतो. म्हणून त्या खोलीत वारा खेळता हवा आणि विडी-काडीला सक्त मनाई. भिंतीकडेने लाकडी फळ्या, त्यांवर बॅटऱ्यांची रांग, प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव आणि वार. कोपऱ्यात चार्जर. तो म्हणजे एक जड ट्रान्सफॉर्मर, सेलेनियमच्या पत्र्यांचा रेक्टिफायर, एक अँपिअर-मीटर आणि करंट कमी-जास्त करायची फिरती खुंटी. रेक्टिफायर जळला की खोलीभर असह्य वास सुटायचा. पुढे सिलिकॉनचे डायोड आले आणि तो त्रास संपला.

बॅटऱ्या लावायच्या त्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये. एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला. सगळ्यांतून सारखाच करंट जाणार. त्यामुळे मोटारसायकलची सहा व्होल्टची आणि ट्रॅक्टरची बारा व्होल्टची एकाच रांगेत बसू शके, पण करंट ठरवायचा तो रांगेतल्या सर्वांत लहान बॅटरीच्या तब्येतीला धरून. नियम साधा होता: बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग. चाळीसच्या बॅटरीला चार अँपिअर, ऐंशीच्या बॅटरीला आठ. प्रत्येक बॅटरी आपापल्या वेळी भरणार, आणि भरली की तिला रांगेतून काढणं हे माणसाचं काम. चार्जर स्वतःहून थांबत नसे. चार्जिंगवाल्याची सगळी कसोटी तिथेच लागायची.

ती कसोटी कशी पार पाडायची? सहाही सेलची बुचं काढून ठेवायची. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून नळी सेलमध्ये घालायची, फुगा हलकेच सोडायचा आणि काचेत वर आलेल्या ऍसिडमध्ये तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा डोळ्यासमोर धरून वाचायचा. आमच्या भाषेत ‘बाराशे पन्नास’ म्हणजे भरली, ‘अकराशे’च्या आसपास म्हणजे पार उतरली. थंड देशांत बाराशे ऐंशीचं ऍसिड भरतात, पण आपल्या उन्हात तेवढं तीव्र ऍसिड प्लेटा लवकर खातं, म्हणून इथे बाराशे पन्नास. पाच सेल बाराशे चाळीस दाखवतायत आणि सहावा अकराशे पन्नासवर अडलाय, म्हणजे तो सेल गेला. मग मामा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचे, “पाटील, चार्जिंगचे पैसे वाया घालवू नका.”

आकड्याखेरीज आणखी खुणा होत्या. भरत आलेल्या बॅटरीत सगळ्या सेलमधून सारखे बारीक बुडबुडे सुटतात. तासातासाने घेतलेले तीन आकडे सारखेच आले की बॅटरी भरली समजायचं. पेटीच्या कडेला हात लावून पाहायचा; हात ठेववत नसेल तर करंट लगेच कमी करायचा. नाकाला ऍसिडचा झणझणीत वास येऊ लागला की उशीर झालेलाच असतो. भरल्यावरही करंट चालू ठेवला तर बॅटरीत आणखी काही साठत नाही. तो करंट नुसतं पाणी फोडतो, पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, आणि प्लेटा झडतात. मामांकडून शिकलेला हा पहिला धडा. बॅटरी कोणीही भरतो, थांबवणाराच खरा कारागीर.

आमच्या भागात यात एक भर होती ती विजेची. दिवसा विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडायचं, दोनशेच्याही खाली. मध्यरात्रीनंतर मोटारी बंद झाल्या की ते एकदम चढायचं. जुन्या चार्जरला स्वतःचा आवर नसतो. वरून व्होल्टेज वाढलं की खालचा करंट वाढतो. संध्याकाळी पाच अँपिअरवर लावून निजलं तर रात्री दोनला काटा आठावर. मामा रात्री एकदा तरी उठून खुंटी मागे घ्यायचे. पुढे मीही ते करत आलो.

त्या काळची बॅटरी उघडता येत असे. एबोनाइटची काळी पेटी, वर डांबराचा थर आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्यावर. त्यामुळे एकेका सेलवर टेस्टर लावून तो वेगळा पारखता येई. डांबर तापवून काढायचं, गेलेल्या सेलचा जुडगा उचलायचा, नव्या प्लेटा आणि त्यांच्यामधले लाकडी पडदे घालायचे, शिसं वितळवून जोड द्यायचा आणि पुन्हा डांबर ओतायचं. या कामावर कितीतरी घरं चालली. त्याची किंमतही होती. सुती पँटला ऍसिडची भोकं, हाताच्या चामडीची आग, आणि शिशाची वाफ छातीत. जवळ खायचा सोडा कालवलेली बादली सतत ठेवायची, एवढीच काय ती काळजी तेव्हा घेतली जाई. पुढे प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या, त्यांचं झाकण कारखान्यातच उष्णतेने सांधलेलं. प्लेटा बदलायचं काम संपलं आणि चार्जिंग तेवढं उरलं.

ऐंशीच्या दशकात या धंद्याला नवं काम मिळालं ते दूरदर्शनचं. ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं, ‘महाभारत’ ऑक्टोबर १९८८ मध्ये. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात, आहुपे, तिरपाड, आंबे, हातवीज या बाजूला, तार पोचलेली नसे, आणि पोचली असली तरी पावसाळ्यात दिवसच्या दिवस वीज नसे. तिकडची मंडळी लहान कृष्णधवल टीव्ही बॅटरीवर चालवायची. असा टीव्ही दीड-पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे चाळीसची बॅटरी काही रविवार काढते. आठवडे बाजाराला येताना घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली बॅटरी जीपच्या टपावरून खाली उतरायची आणि परतीला भरलेली बॅटरी वर चढायची. पण गाडीची बॅटरी स्टार्टरला दोन-चार सेकंद जोर देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त. तिला हळूहळू पार रिकामी करत राहिलं तर ती वर्षभरातच बसते. आम्ही प्रत्येकाला सांगत असू, “चित्र आकसायला लागलं की बंद करा. तसंच पाहत बसाल तर बॅटरी जाईल.”

नारायणगावला आल्यावर मला वेगळंच गिऱ्हाईक भेटलं ते तमाशाच्या फडांचं. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच, राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव झालेल्या. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. मोठ्या फडाकडे कलावंतांची गाडी, तंबू-कनातींचे ट्रक, जनरेटर असा ताफा असतो. फड दसऱ्याला बाहेर पडतात, वैशाखात परततात आणि पावसाळाभर गाड्या जागेवर उभ्या राहतात.

बॅटरीला खरी खाते ती ही उभी राहण्याची वेळ. वापर नसला तरी बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत राहते. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग ते सहज विरघळत नाहीत. भादव्यात फडाचे मॅनेजर यायचे. “शेठ, दसऱ्याला निघायचंय. सगळ्या बॅटऱ्या टाकून जातो, चार दिवसांत तयार ठेवा.” मी म्हणायचो, “मॅनेजर, पावसाळ्यात महिन्यातनं एकदा आणून दिल्या असत्या तर एका दिवसात झाल्या असत्या.” चार महिने निजलेल्या बॅटरीला दहाव्या भागाचा करंट सोसत नाही. ती नुसती तापते. तिला विसाव्या भागाने, सावकाश, दोन-तीन दिवस भरावं लागतं. काही जागल्या, काही गेल्या. पुढे दोन-तीन फडांनी हे मनावर घेतलं आणि श्रावणापासूनच बॅटऱ्या पाळीपाळीने माझ्याकडे येऊ लागल्या. त्यांच्या बॅटऱ्या इतरांपेक्षा जास्त हंगाम टिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याच काळात कुकडीच्या आणि डिंभ्याच्या कालव्यांनी ऊस वाढवला, उसाने ट्रॅक्टर वाढवले. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पहाटे ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागे. थंडीत इंजिन जड होतं आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो, त्यामुळे उणीव असेल ती डिसेंबरच्या पहाटेच उघडी पडते. २००५ पासून भारनियमनाने जोर धरला आणि घरोघरी इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी वेगळ्या जातीची. जाड नळ्यांच्या प्लेटा, तासन्‌तास सावकाश वीज द्यायला बनवलेल्या. तिला अधूनमधून जास्त व्होल्टेजवर चांगली उकळी यावी लागते, नाहीतर तळाशी जड ऍसिड आणि वर पाणी अशी फोड होते. पाणी कमी झालं की डिस्टिल वॉटर टाकायचं. हे वेगळेपण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता सीलबंद बॅटरीकडे येतो. तिची मुळं टेलिफोनच्या धंद्यात आहेत. जुन्या बॅटरीच्या शिशाच्या जाळीत कडकपणासाठी अँटिमनी मिसळलेलं असे आणि त्यामुळेच पाणी लवकर फुटे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत टेलिफोनच्या बॅटऱ्यांसाठी अँटिमनीऐवजी किंचित कॅल्शियम मिसळलेलं शिसं वापरून पाहिलं गेलं. त्यात पाणी फारच कमी उडतं. जर्मनीत १९५० च्या दशकात ऍसिडचा चिकसारखा जेल करून बॅटरी आडवी केली तरी सांडणार नाही अशी सोय झाली. पुढे ऍसिड काचेच्या बारीक तंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी एजीएम बॅटरी आली. तिच्यात प्लसकडे निघालेला ऑक्सिजन मायनसकडे जाऊन पुन्हा पाण्यात मिसळतो, बाहेर जात नाही. दाब फार वाढला तरच झडप उघडते.

आपल्याकडे साध्या मोटारींत आली ती मुख्यतः कॅल्शियमची मेंटेनन्स-फ्री बॅटरी. आत ऍसिड पातळच, पण बुचं नाहीत किंवा पट्टीखाली झाकलेली. २००० नंतर नव्या गाड्यांतून ती सर्रास दिसू लागली. मोटारसायकलला, घरच्या यूपीएसला आणि हल्ली बिबट्याच्या भीतीने घर-गोठ्याभोवती घातलेल्या सौर कुंपणाच्या झटका मशीनला लहान झडपेची सीलबंद बॅटरी असते. २०२० मध्ये बीएस-६ आल्यानंतर सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्या वाढल्या. त्यांत एजीएम किंवा जास्त मजबूत केलेली ईएफबी बॅटरी असते.

सीलबंद बॅटरी आली आणि चार्जिंगवाल्याची सगळी हत्यारं एका फटक्यात निकामी झाली. हायड्रोमीटर घालायला बूच नाही. बुडबुडे दिसत नाहीत. वास येतो तो झडप उघडल्यावर, म्हणजे नुकसान झाल्यावर. वर हिरवा डोळा असतो, तोही सहांपैकी एकाच सेलचं सांगतो; बाकी पाचांत काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. गावोगावच्या चार्जिंगच्या खोल्यांत मात्र तोच जुना ट्रान्सफॉर्मर चालू राहिला. बॅटरी भरली तरी तो व्होल्टेज चढवत सोळापर्यंत नेतो. उघड्या बॅटरीत उडालेलं पाणी वरून घालता येई. सीलबंद बॅटरीत ते कुठून घालणार? भरलेल्या हंड्यात नळ सोडून ठेवावा तसं हे आहे, फरक इतकाच की इथे हंडाही फुटतो. अशा फुगलेल्या, कडा बाहेर आलेल्या बॅटऱ्या आजही आमच्याकडे येतात. गिऱ्हाईक कंपनीला दोष देतं, आणि कारण असतं रात्रभर चालू राहिलेला जुना चार्जर.

हे सगळ्यांना एकदम कळलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मार्चच्या शेवटी गाड्या दारात उभ्या राहिल्या, मुंबई-पुण्याहून गावी आलेल्यांच्याही. आजच्या गाडीतले संगणक, सेंट्रल लॉक, अलार्म हे गाडी बंद असतानाही थोडी वीज खातात. दोन-तीन महिन्यांत शेकडो बॅटऱ्या बसल्या. फडांच्या गाड्यांचं जे दुखणं आम्ही दर पावसाळ्यात पाहत होतो, ते घराघरांत आलं. लोकांनी मिळेल तो चार्जर मागवला. काहींच्या बॅटऱ्या त्यातून वाचल्या, काहींच्या मेल्या.

म्हणून चार्जर घेताना काय पाहायचं, ते आता एकेक करून सांगतो.

पहिलं, तो टप्प्याटप्प्याने भरतो का? चांगला चार्जर आधी ठरलेल्या करंटने भरतो, व्होल्टेज सुमारे १४.४ ला पोचलं की तिथे धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरू देतो, आणि बॅटरी भरली की १३.५ ते १३.८ वर येऊन नुसती राखण करतो. मामा रात्री दोनला उठून जे करायचे तेच हा स्वतः करतो. पाकिटावर हे आकडे लिहिलेले नसतील तर तो घेऊ नका.

दुसरं, बॅटरीची जात. साध्या मेंटेनन्स-फ्रीला १४.४ चालतं. एजीएमला १४.४ ते १४.७. जेलला मात्र १४.१ च्या आसपासच थांबायला हवं. चार्जरवर जात निवडायचं बटण असेल तर उत्तम. ‘इक्वलाइझ’ किंवा ‘रिपेअर’ नावाचा साडेपंधरा-सोळा व्होल्टचा टप्पा सीलबंद बॅटरीला कधीही लावायचा नाही. तो उघड्या बॅटरीसाठी असतो. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलरला हवी असलेली उकळी हीच. म्हणून गाडीची सीलबंद बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला जोडून भरू नका. इन्व्हर्टरला बॅटरी निवडायचं बटण असेल आणि ते योग्य जागी असेल तरच गोष्ट वेगळी.

तिसरं, करंट. दहाव्या भागाचा नियम अजून खरा आहे. लहान मोटारीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन-चार अँपिअर पुरे. ट्रॅक्टरला आठ-दहा लागतील. झटका मशीनच्या सात अँपिअर-अवरच्या बॅटरीला एक अँपिअरच्या आतला वेगळा चार्जर हवा. मोटारीचा लावला तर ती तापून जाईल.

चौथं, आपली वीज आणि आपली हवा. चार्जर किती व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतो ते वाचा. शिवारात राहणाऱ्याने दीडशेपासून चालणाराच घ्यावा. आणि तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण दोन शतांश व्होल्ट कमी करावे लागतात. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडखाली चाळीस अंशांत १४.४ ऐवजी १४.१ च पुरतं.

लावतानाही शिस्त हवी. आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर गाडीच्या उघड्या लोखंडाला, आणि शेवटी बटण चालू. काढताना याच्या उलट. मायनस टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाडीत काळा चिमटा टर्मिनलला लावायचाच नाही. गाडीचा संगणक मग झालेलं चार्जिंग मोजत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. काही तास विसावा दिल्यावर मीटर लावून पाहा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावायची वेळ. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर एक सेल गेलाय, मग कुठलाच चार्जर तिला जागवणार नाही. आणि फुगलेल्या किंवा चीर गेलेल्या पेटीला चार्जर लावूच नका.

शेवटची गोष्ट जुन्या बॅटरीची. २००१ च्या नियमांपासून दुकानदाराने जुनी बॅटरी परत घेणं बंधनकारक झालं आणि २०२२ च्या नवीन नियमांनी ती गोळा करून शिसं नीट वितळवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. तरीही थोड्या जास्त पैशांसाठी माणसं ती भंगारवाल्याला देतात. तिथे पेटी फोडून ऍसिड ओढ्यात जातं आणि शिसं उघड्यावर वितळतं. प्लेटा बदलणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीने त्या शिशाचा त्रास अंगावर काढला; घोड आणि कुकडीच्या पाण्यावर जगणाऱ्या मुलांवर ती वेळ येऊ नये. नवी घेताना जुनी बॅटरी दुकानातच द्या आणि पावतीवर तशी नोंद करून घ्या. चार्जर घेताना रंग आणि दिवे पाहू नका. तो कुठे थांबतो, हे विचारा. दुकानदाराला ते सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.